एकाच टॉवरवर पाच रेडिओ, संध्याकाळ झाली की सगळ्याच लिंक बसतात. नॉइज नक्की कुठून येतोय?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात डोंगराच्या सोंडेवर आमचा साठ फुटी लॅटिस टॉवर आहे. खाली चार वाड्या आणि पलीकडच्या खोऱ्यात एक गाव, एवढ्या भागाला तिथून वायरलेसने नेट देतो. लायसन्स मोठ्या आयएसपीचं आहे, आम्ही त्यांचे लोकल पार्टनर. मोबाईलची रेंज इकडे जेमतेम, त्यामुळे पतसंस्था, महा ई सेवा केंद्र, शाळा, पोरांचे ॲडमिशनचे फॉर्म सगळं आमच्याच लाइनवर चालतं, आणि ती बंद पडली की लोक थेट घरी येतात, त्यात त्यांची काही चूक नाही.

टॉवरच्या टोकाला असा सेटअप आहे: एक डिश पाटणकडे, अंतर ७ किलोमीटर, गेन (अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप) ३० डीबीआय, ही मेन बॅकहॉल, म्हणजे आम्हाला नेट हिच्यातूनच येतं. दुसरी डिश पलीकडच्या गावाला, पश्चिमेकडे. आणि तीन सेक्टर (एका बाजूच्या सगळ्या ग्राहकांना नेट देणारे रुंद झोताचे अँटेना), पूर्व, दक्षिण, पश्चिम. पाचही रेडिओ वरच्या दीड मीटरमधे बसवलेत. सगळे ५ गिगाहर्ट्झचे, ५७२५ ते ५८७५ याच पट्ट्यात, चॅनल ४० मेगाहर्ट्झचे. आधीच्या टेक्निशियनने असंच लावून दिलंय.

त्रास असा की दिवसा पिंग चार-पाच मिलिसेकंद, एकदम मस्त, आणि संध्याकाळी सात वाजले की दोनशेच्या पुढे, पॅकेट लॉस, व्हिडिओ अडकतो, व्हिडिओ कॉलवर समोरच्याला आमच्या लोकांचा आवाज तुटक जातो. गंमत म्हणजे सिग्नल एकदम चांगला दिसतो, ग्राहकांचे मायनस ५८ ते मायनस ६२, बॅकहॉल मायनस ४५ (आकडे डीबीएमचे, शून्याच्या जितके जवळ तितका जोर जास्त). टॉवरच्या बाजूला नॉइज फ्लोअर (रेडिओला कायम ऐकू येणारा मागचा गोंगाट) मात्र मायनस ७४ पर्यंत वर येतो, ग्राहकाच्या छपरावर बघितलं तर तिथे मायनस ९२. आयएसपीवाले म्हणतात डोंगरावर दुसऱ्या कोणाचे तरी रेडिओ असतील, पॉवर वाढवा. पॉवर फुल केली तर अजून बिघडलं. स्पेक्ट्रम स्कॅन केला तर दुसऱ्यांचं फारसं काही दिसत नाही. कोणी असा प्रकार सोडवलाय का? पावसाळा तोंडावर आलाय, त्याआधी टॉवरवर चढून जे करायचं ते उरकायचंय, एकदा धुकं आणि वारा सुरू झाला की वर चढणं धोक्याचं होतं.

रानजाई
दादा आधी एक गोष्ट करा. रात्री दोन-तीन वाजता, ग्राहक झोपलेले असताना, पाचही रेडिओचं ट्रान्समिशन बंद करा आणि फक्त एकाच सेक्टरचा नॉइज फ्लोअर वाचा. मग बाकीचे एकेक चालू करत जा आणि प्रत्येकाच्या पुढे आकडा लिहा. चालू करून सोडून देऊ नका, त्या लिंकवर स्पीड टेस्ट चालवून लोड टाका, कारण रेडिओ रिकामा असताना जेमतेम बीकन (मी इथे आहे असा छोटा इशारा) पाठवतो, त्याचा खरा त्रास तो भरभरून बोलायला लागला की दिसतो. आम्ही त्र्यंबक भागात टॉवर लावले की असा पाच बाय पाचचा तक्ता करून टॉवरच्या पेटीत चिकटवून ठेवतो, कोण कोणाला त्रास देतो ते त्याच्यात सरळ दिसतं.

तुमच्या वर्णनावरून मला तरी बाहेरचं कोणी वाटत नाही. ग्राहकाच्या छपरावर नॉइज मायनस ९२ आणि टॉवरवर मायनस ७४, आणि तोही ट्रॅफिक वाढला की वाढतो, म्हणजे ट्रॅफिकबरोबर जो बोलतो तोच नॉइज करतोय. तुमचेच रेडिओ.

मोजमाप
रानजाईताईंशी शंभर टक्के सहमत. थोडं गणित मांडतो, कारण पॉवर वाढवा हा सल्ला जिथेतिथे दिला जातो आणि एका पोलवर चार-पाच रेडिओ असले की तो हमखास उलटतो.

मोकळ्या हवेतला लॉस काढायचं सूत्र असं: ३२.४४ अधिक २० लॉग अंतर (किलोमीटरमधे) अधिक २० लॉग फ्रिक्वेन्सी (मेगाहर्ट्झमधे). ५८०० ला ४ किलोमीटरवरच्या ग्राहकासाठी हे येतं साधारण १२० डीबी. आणि तुमच्या टॉवरवर एक मीटरवर असलेल्या शेजाऱ्यासाठी येतं ४८ डीबी. फरक ७२ डीबीचा, म्हणजे दीड कोटी पटीपेक्षा जास्त. लाऊडस्पीकरच्या भिंतीला टेकून उभं राहायचं आणि नदीपलीकडच्या माणसाचं बोलणं ऐकायचं, तुमचा सेक्टर रोज संध्याकाळी हे करतोय.

आता अँटेना धरा. ग्राहकाचा रेडिओ २२ डीबीएम, त्याची डिश २३, तुमचा सेक्टर १६, वजा १२०, थोडा इकडचा तिकडचा लॉस, तर तुम्हाला मायनस ६१ च्या आसपास मिळणार आणि तुम्ही तेच लिहिलंय. शेजारचा सेक्टर तुमच्याकडे तोंड करून नाही, कडेने किंवा पाठीने बघतोय, म्हणून दोघांमधे समजा ६० डीबीचं आयसोलेशन (एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचताना होणारी घट) मिळालं. तो २४ डीबीएमने बोलला तर तुमच्या रिसिव्हरवर मायनस ३६ ने आदळतो. ग्राहकापेक्षा २५ डीबी जोरात! चॅनल एकच असेल किंवा एकमेकांवर चढत असतील तर विषयच संपला.

आणि तुमचे चढतायत. पाच रेडिओ गुणिले ४० म्हणजे २०० मेगाहर्ट्झ झाले, पट्टा आहे १५० चा. बसणारच नाहीत.

बरं, समजा चॅनल वेगळे केले तरी रेडिओ आपल्या चॅनलच्या भिंतीत गप्प बसत नाही, थोडं बाहेर सांडतोच. २० मेगाहर्ट्झच्या वायफाय चॅनलला स्टँडर्डमधे मुभा अशी आहे की मधल्यापासून ११ मेगाहर्ट्झवर २० डीबी खाली, २० मेगाहर्ट्झवर २८ डीबी खाली, ३० आणि त्यापुढे ४० डीबी खाली असलं पाहिजे. हा किमान नियम झाला, चांगला रेडिओ याच्यापेक्षा स्वच्छ असतो, पण फुल पॉवरला त्याचा ॲम्प्लिफायर ताणला जातो आणि तो या मर्यादेच्या जवळ सरकतो. मग हिशोब करा: मायनस ३६ वजा ४० म्हणजे मायनस ७६. तुमच्या रिसिव्हरचा स्वतःचा नॉइज २० मेगाहर्ट्झला मायनस १०१ अधिक रिसिव्हरचे पाच-सहा, म्हणजे मायनस ९५ धरा. तो शेजाऱ्याच्या सांडण्याने मायनस ७६ ला आला. ग्राहक मायनस ६१, म्हणजे हातात उरले फक्त १५ डीबी. ६४ क्वामला (क्वाम म्हणजे सिग्नलमधे डेटा भरायची पद्धत, मॉड्युलेशन, आकडा मोठा तितका वेग जास्त) पंचवीसच्या आसपास लागतात, २५६ क्वामला तीसच्या वर. म्हणून सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि मॉड्युलेशन खाली कोसळतं. तुमचा मायनस ७४ चा आकडा या हिशोबात जवळपास तंतोतंत बसतोय.

संध्याकाळीच का होतं तेही बघा. लोक व्हिडिओ बघायला लागले की तुमचे तिन्ही सेक्टर आणि पश्चिमेची डिश जोरात ट्रान्समिट करतात, आणि नेमकं तेव्हाच पाटणची डिश त्याच पोलवर जोरात रिसीव्ह करत असते. शिवाय ग्राहकांकडून परत येणारे टीसीपीचे ॲक (डेटा मिळाल्याची पोच) सेक्टरवर पोचायला पाहिजेत, ते पोचताना शेजारी बोलतोय. ॲक हरवले की डाऊनलोडही मंदावतो, म्हणजे अपलोडचा रोग डाऊनलोडमधे दिसतो. व्हिडिओ कॉलवर तुमच्या लोकांचा आवाज तुटतो, समोरच्याचा नाही, ही खूण मला तरी पुरेशी आहे.

लगेच आणि फुकटात करण्यासारखं: चॅनल ४० चे २० करा. पॉवर सगळ्यांची ६ डीबीने उतरवा. ग्राहकाकडे नॉइज मायनस ९२ आहे म्हणता, म्हणजे तिकडे डाऊनलोडला भरपूर जागा आहे, ६ डीबी गेले तर फार फरक पडणार नाही, पण टॉवरवर प्रत्येक शेजाऱ्याचा त्रास ६ डीबीने कमी होईल आणि ॲम्प्लिफायर सैल पडला की सांडणं त्याहून जास्त कमी होतं. बॅकहॉलला मायनस ४५ ची गरज नाही, मायनस ५० ते ५५ पुष्कळ झालं. ग्राहकाच्या बाजूची पॉवर मात्र उतरवू नका, तीच तुमचा अपलोड आहे.

आणि एकाच पट्ट्यात का कोंबलंय सगळं? ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनंतर आपल्याकडे ५१५० ते ५२५०, ५२५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ असे मिळून ६०५ मेगाहर्ट्झ लायसन्सशिवाय वापरता येतात. रेडिओला ईटीए (सरकारची उपकरण मंजुरी) असलं पाहिजे आणि कंट्री सेटिंग इंडियाच ठेवा, जास्त पॉवर मिळते म्हणून दुसरा देश निवडू नका. ५६०० ते ५६५० सोडून द्या, सी बँडची हवामान रडारं त्या भागात चालतात, मुंबईत वेरावलीलाही सी बँडचं डॉप्लर रडार आहे. पाटणहून ते लांब आहे, तरी मी हा तुकडा कुठेच वापरत नाही, चक्रीवादळाच्या वेळी त्या रडारच्या चित्रात आपली रेघ नको.

हॅम_कोल्हापूर
मी हौशी रेडिओवाला, नेटचा धंदा नाही, पण एका खांबावर दोन रेडिओ हा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे. रिपीटरमधे (ऐकलेलं लगेच पुढे पाठवणारा रेडिओ) तर एकाच अँटेनावर रिसीव्ह आणि ट्रान्समिट एकाच वेळी चालतं, दोन मीटरच्या बँडला फक्त ६०० किलोहर्ट्झच्या फरकाने, म्हणून मधे कॅव्हिटी डुप्लेक्सर (दोन फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवणारा फिल्टर) लावतात, मोठाले डबेच असतात ते. तुमच्या ५ गिगाहर्ट्झच्या तयार रेडिओत अँटेनाआधी असं काही लावायला सहसा जागा नसते, मग उरतं अंतर. आणि अंतर कुठल्या दिशेने ठेवता याला फार महत्त्व आहे, हे बरेच जण लक्षात घेत नाहीत.

आमच्याकडे एक जुना अंदाज वापरतात. दोन अँटेना एकाच उंचीवर शेजारी शेजारी असतील तर आयसोलेशन २२ अधिक २० लॉग (अंतर भागिले तरंगलांबी), त्यातून एकमेकांच्या दिशेचा गेन वजा. एकावर एक असतील तर २८ अधिक ४० लॉग (अंतर भागिले तरंगलांबी). ५८०० ला तरंगलांबी सव्वापाच सेंटिमीटरच्या आसपास. एक मीटरला शेजारी ४८ डीबी, वर-खाली ७९. दोन मीटरला शेजारी ५४, वर-खाली ९१. अंतर दुप्पट केलं की आडवे ६ मिळतात, उभे १२. सूत्र साध्या डायपोलसाठी (सरळ दांडीचा अँटेना) आहे, तुमच्या सेक्टरला टिल्ट (खाली झुकाव) असतो, टॉवरच्या लोखंडावरून परावर्तन होतं, त्यामुळे कागदावरचे ७९ प्रत्यक्षात मिळत नाहीत, पण दिशा तीच राहते. वरच्या दीड मीटरमधे पाच रेडिओ कोंबण्यापेक्षा साठ फुटांचा टॉवर वापरा की! सगळं टोकाला लावायचा हट्ट कशाला? डोंगराच्या सोंडेवर आहात, पाटणची लाइन ऑफ साइट चाळीस फुटांवरूनही मिळत असेल तर ती डिश खाली आणा. फ्रेनेल झोन (दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवतीचा मोकळा लागणारा पट्टा) मात्र तपासा, ७ किलोमीटरला ५.८ वर मध्यावर पहिल्या झोनची त्रिज्या साडेनऊ मीटर येते, त्यातला निदान साठ टक्के मोकळा पाहिजे. मधे झाडोरा असेल तर पावसाळ्यानंतर तो वाढणार हे धरून चाला.

अजून एक. सगळ्या सेक्टरना बाजूला आणि मागे पत्र्याचं कवच बसवता येतं, काही कंपन्यांचे तयार मिळतात. डिशला खोल कॉलर असलेली रेडोम (अँटेनावरचं झाकण) घेतली तर कडेचं ऐकणं बरंच कमी होतं. उघड्या जाळीच्या डिश असतील तर पाच रेडिओंच्या टॉवरवर त्या ठेवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, वारा कमी लागतो हे खरं, पण मागून सगळं आत येतं.

पोलवरचा_माणूस
केबल कोणती आहे भाऊ? शिल्ड असलेली आहे का आणि अर्थिंग केलंय का? नॉइज फ्लोअरचा तुमचा प्रश्न केबलने होत नाही हे मान्य, पण पाच साध्या केबल एका गुच्छात बांधून साठ फूट खाली आणल्या असतील तर इथरनेट पोर्टवर एरर येतात, गिगाबिटचं शंभरवर येतं, आणि माणूस हवेतला नॉइज शोधत बसतो. स्विचवर सीआरसी एरर (केबलमधे बिघडलेल्या पॅकेटची मोजणी) बघून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल असेल तर ती या पावसाळ्याआधीच काढा, पीओईवर (नेटच्याच केबलमधून दिलेली वीज) लांब अंतराला व्होल्टेज पडतं आणि रेडिओ मधेच रीबूट होतो. वर चढणारच आहात तर सगळे कनेक्टर नव्याने सील करा, पाणी शिरलं की सगळे आकडे खोटे पडतात.

कोयनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. केबल शिल्डवाली आहे, अर्थिंग आहे, सीआरसी एरर शून्य. ताई, रात्री तक्ता केला. सगळे बंद असताना पूर्वेच्या सेक्टरला नॉइज मायनस ९४. म्हणजे डोंगरावर बाहेरचं कोणीच नाही हो, इतके दिवस आयएसपीला पत्रं लिहीत होतो. दक्षिणेचा सेक्टर लोडवर चालू केला की पूर्वेला मायनस ७७, पाटणच्या डिशला मायनस ८०. पश्चिमेची डिश चालू केली की पश्चिमेच्या सेक्टरला मायनस ७३!

एक विचारायचंय, जीपीएस सिंकवाले रेडिओ घेतले तर हे सगळं मिटतं असं एका डीलरने सांगितलं. खर्च मोठा आहे, पतसंस्थेतून कर्ज काढावं लागेल. घ्यावं का?

रानजाई
सिंक चांगली गोष्ट आहे पण कर्ज काढण्याआधी नीट समजून घ्या. कल्पना अशी की पोलवरचे सगळे रेडिओ जीपीएसच्या घड्याळावर एकाच क्षणी बोलतात आणि एकाच क्षणी ऐकतात. मग कोणी ऐकत असताना शेजारी बोलतच नाही, आणि पाठीला पाठ लावलेले दोन सेक्टर एकाच चॅनलवर चालवता येतात. कॅम्बियमच्या ईपीएमपीमधे अशी मॉडेल्स आहेत, इतरांकडेही आहेत. पण याला अटी आहेत. सगळ्यांची फ्रेम (बोलण्या-ऐकण्याची एक फेरी) तेवढ्याच लांबीची पाहिजे आणि डाऊन-अपचं प्रमाण एकच ठेवावं लागतं. एका कंपनीचा सिंक दुसऱ्या कंपनीच्या रेडिओशी जुळेलच असं नाही, म्हणजे पाचच्या पाच बदलायची तयारी ठेवा, आणि ग्राहकांच्या घरचे पण.

आणि तुमच्या टॉवरवर एक मुख्य अडचण आहे ती डीलर सांगणार नाही. सेक्टर डाऊनलोडला टॉवरवरून बोलतात, पाटणची डिश डाऊनलोडला टॉवरवर ऐकते. दोघांना एका तालात बसवलं आणि सेक्टरला डाऊन-अपचं प्रमाण ७५/२५ दिलं, तर पाटणच्या लिंकला टॉवरकडे यायला फक्त २५ टक्के वेळ उरतो. सगळ्या गावाचं पाणी त्या एका पाइपमधून येतंय आणि तोच चोंदला. ५०/५० ठेवलं तर सेक्टरची क्षमता जाते. म्हणून मेन बॅकहॉल सिंकमधे ओढायची नाही, ती शरीराने दूर न्यायची. खाली आणा किंवा डोंगराच्या दुसऱ्या टोकाला दहा-बारा मीटरवर वेगळा छोटा पोल उभा करा, मधे टॉवरचं नाहीतर खडकाचं आडवं येईल असा. एवढ्या खर्चात सिंकचा एक रेडिओसुद्धा येणार नाही. पश्चिमेच्या डिशचा डाऊनलोड टॉवरवरून बाहेर जातो, ती सेक्टरबरोबर एका तालात चालू शकते, पण तीही नंतरची गोष्ट.

माझं मत विचाराल तर आत्ता कर्ज काढू नका. चॅनल, पॉवर, उंची, कवच हे चार आधी करा. त्यानंतरही ग्राहक वाढले आणि चॅनल कमी पडले तर सिंक घ्या, तेव्हा त्याचे पैसे वसूल होतात.

मोजमाप
ताईंनी पाटणच्या लिंकचं जे सांगितलं ते अगदी बरोबर, हा मुद्दा भलेभले विसरतात. चॅनलची वाटणी मी अशी करेन: पाटणची डिश खाली, ५१८० च्या आसपास. तिन्ही सेक्टर ५५०० ते ५५८० मधे, २० मेगाहर्ट्झचे, दोन चॅनलमधे किमान २० मोकळे. पश्चिमेची डिश ५८२५ च्या पुढे. सेक्टर हलवण्याआधी ग्राहकांचे रेडिओ त्या पट्ट्यात स्कॅन करतायत ना बघा, स्कॅन लिस्ट ५.८ पुरती बांधून ठेवली असेल तर सेक्टर हलवल्यावर ते परत जोडले जाणार नाहीत आणि घरोघर जावं लागेल. आधी ग्राहकांची लिस्ट मोकळी करा, मगच सेक्टर हलवा.

कोयनाकाठ
अपडेट देतो. लिस्ट मोकळी करून सेक्टर हलवले, एकही ग्राहक तुटला नाही. चॅनल २० चे केले, पॉवर ६ ने उतरवली. पाटणची डिश पंचेचाळीस फुटांवर आणली, लाइन मोकळी आहे, सिग्नल मायनस ५१. दोन सेक्टरमधलं उभं अंतर वाढवून सव्वा मीटर केलं.

पूर्वेचा सेक्टर आता लोडवर मायनस ८९, दक्षिणेचा मायनस ८८, पाटणची डिश मायनस ९१. कालची पूर्ण संध्याकाळ पिंग पंधराच्या वर गेला नाही, शाळेच्या सरांनी स्वतःहून फोन केला. फार बरं वाटलं.

पण पश्चिमेचा सेक्टर अजून मायनस ७९ वर अडकलाय, आणि तक्त्यात तो फक्त पश्चिमेची डिश बोलली की वर येतो. सेक्टर ५५४० ला, डिश ५८३५ ला, मधे जवळपास ३०० मेगाहर्ट्झ आहेत, तरी हे कसं? डिश सेक्टरच्या बरोबर वर पाऊण मीटरवर आहे, दोघांचं तोंड पश्चिमेलाच. समोर सात-आठ मीटरवर सोलर आणि बॅटरीचं पत्र्याचं शेड पण आहे.

हॅम_कोल्हापूर
दोघं एकाच दिशेला बघतायत हेच मूळ. पाठीला पाठ असताना दोन्ही अँटेनांचा नकार तुमच्या कामी येतो, इथे तो मिळतच नाही, डिशच्या खालच्या कडेतून सांडलेलं सरळ सेक्टरच्या तोंडासमोर पडतं. त्यात पत्र्याचं शेड उतारावर खाली असेल तर त्यावरून उलटं येण्याचीही शक्यता आहे. एका दुपारी शेडच्या तोंडाशी ओली गोणपाटं किंवा ओल्या चादरी टांगा आणि सेक्टरचा आकडा बघा, पाणी ५ गिगाहर्ट्झ चांगलं शोषतं. आकडा चार-पाचने उतरला तर शेड दोषी, नाही हलला तर शेडला हात लावू नका.

३०० मेगाहर्ट्झच्या फरकाचं म्हणाल तर दोन शक्यता. एक, डिशच्या ट्रान्समीटरचा दूरवर पसरलेला बारीक नॉइजच तुमच्या चॅनलमधे येतोय. दोन, सेक्टरच्या रेडिओचं पुढचं दार ५.१ ते ५.९ सगळ्यालाच उघडं असतं, जोरदार सिग्नल आत शिरला की रिसिव्हरचा पुढचा ॲम्प्लिफायर दबतो, चॅनल कितीही लांब असला तरी. कोणतं आहे ते ओळखायची साधी युक्ती आहे. डिशची पॉवर ३ डीबीने उतरवा. सेक्टरचा नॉइज साधारण तेवढाच, तीनने, उतरला तर तो थेट सांडलेला आवाज. तीनपेक्षा बराच जास्त उतरला तर काहीतरी ताणलं जात होतं, रिसिव्हर दबत होता किंवा ट्रान्समीटर आपल्या मर्यादेला टेकला होता, आणि तिथे चॅनल अजून लांब नेऊन उपयोग नाही, पॉवर आणि अंतर हेच औषध.

कोयनाकाठ
३ ने उतरवली, नॉइज मायनस ७९ वरून मायनस ८६ झाला! पलीकडच्या गावाचा सिग्नल आता मायनस ४७. चादरी टांगून बघितल्या, शेडचा काही फरक नाही.

हॅम_कोल्हापूर
मग सापडलं. मायनस ४७ म्हणजे अजून पाच डीबी उतरवायला जागा आहे, आजच उतरवा, त्याला वर चढायचीही गरज नाही. नंतर चढाल तेव्हा ती डिश सेक्टरच्या वरून काढून टॉवरच्या पश्चिम पायाला, पूर्वेच्या सेक्टरच्या उंचीपेक्षा दोन मीटर खाली घ्या आणि कॉलरची रेडोम बसवा. डिश हलवली की अलाइनमेंट नव्याने करावी लागेल, ती करताना दोन्ही चेनचे (रेडिओतले उभ्या आणि आडव्या लहरींचे दोन मार्ग) आकडे जवळपास सारखे येतात का बघा, एक चेन दहा डीबीने मागे असेल तर तुम्ही मुख्य झोतावर नाही, कडेच्या झोतावर लॉक झालात किंवा डिश तिरकी बसलीय. वरती एकटे चढू नका, हार्नेस दोन हुकांचा वापरा, आणि काम करत असताना समोरच्या सेक्टरची पॉवर बंद ठेवा.

रानजाई
आणि बदल झाले की तक्ता नवा करून पेटीत लावा दादा, तारखेसकट. सहा महिन्यांनी कोणी सहावा रेडिओ लावायला आला तर त्याच्यापुढे तोच धरायचा.